पांढरे उंदीर, सातवे गुणसूत्र आणि ‘चिंता’ नावाचा रकाना

पहिल्या दिवशी मी नोंदवहीत पाच रकाने आखले: पिंजऱ्याचा क्रमांक, उंदराचा क्रमांक, वाण, वजन आणि चिंता. शेवटच्या रकान्यात प्रत्येक उंदरापुढे एक आकडा यायचा होता, आणि त्या आकड्यामागची जनुके कोणत्या गुणसूत्रावर, साधारण कोणत्या जागी आहेत हे शोधणे हे माझे पुढच्या काही वर्षांचे काम होते. त्या कामाची हकीकत मी येथे लिहिते आहे. विशेषतः त्या पाचव्या रकान्याचे नाव मला का बदलावे लागले, ते.

उंदराला चिंता वाटते का, हे त्याला विचारता येत नाही. म्हणून या क्षेत्रातले बहुतेक मोजमाप एका साध्या निरीक्षणावर उभे आहे. उंदीर हा अनेकांचे भक्ष्य असलेला, रात्री वावरणारा प्राणी आहे. उघडी आणि उजेडाची जागा तो टाळतो, पण नवी जागा हुंगून पाहण्याची ओढही त्याला स्वस्थ बसू देत नाही. या दोन ओढींच्या रस्सीखेचीत कोणती बाजू किती वेळ जिंकते, ते मोजायचे. मी मुख्यतः वापरलेली परीक्षा ‘ओपन फील्ड’ नावाने ओळखली जाते. भिंती असलेली, वरून उघडी, प्रकाशित चौकोनी पेटी. तिच्यात उंदराला सोडले की तो आधी भिंतीला अंग घासत कडेकडेने फिरतो आणि मग, जमेल तसा, मधल्या मोकळ्या भागात जाऊन येतो. तो एकूण किती फिरला, मध्यभागी किती सेकंद थांबला आणि किती लेंड्या टाकल्या, हे नोंदवायचे. कॅल्विन हॉल या मानसशास्त्रज्ञाने १९३४ मध्ये प्रयोगशाळेतील, घुशीसारख्या मोठ्या उंदरांवर, म्हणजे ‘रॅट’वर, ही पद्धत वापरली. पुढे १९८० मध्ये अर्धी अंधारी, अर्धी उजेडाची पेटी आली आणि १९८० च्याच दशकात अधिकच्या चिन्हासारखा, जमिनीपासून उंच उचललेला मंच आला, ज्याच्या दोन भुजांना भिंती असतात आणि दोन उघड्या असतात. माणसातील चिंता कमी करणारे डायझेपामसारखे औषध दिलेले उंदीर या मंचाच्या उघड्या भुजांवर अधिक वेळ घालवतात. या परीक्षांचा चिंतेशी संबंध आहे असे मानण्याचे एक मोठे कारण हेच आहे, आणि ते कारण भक्कम आहे. मात्र औषधाने बदलणारी प्रत्येक हालचाल ही केवळ चिंतेचीच हालचाल असते, असे त्यातून सिद्ध होत नाही. हे वाक्य मला तेव्हाही पाठ होते. त्याचा अर्थ पुढे कळला.

माझे दोन वाण होते. एक काळा, ‘सी५७ ब्लॅक सिक्स’, ज्याचा मूळ वाण क्लॅरेन्स कुक लिटल यांनी १९२१ मध्ये सुरू केला, आणि २००२ मध्ये ज्याच्या जनुकसंचाचा आराखडा उंदरांपैकी सर्वप्रथम प्रसिद्ध झाला. दुसरा पांढरा, लाल डोळ्यांचा, ‘बाल्ब-सी’. हॅल्सी बॅग यांनी १९१३ मध्ये मिळवलेल्या पांढऱ्या उंदरांपासून आलेला, म्हणूनच त्याच्या नावात बॅग आणि अल्बिनो हे दोन्ही शब्द दडलेले आहेत. सख्ख्या भावाबहिणींचा संकर सलग २० पिढ्या केला की वाण ‘अंतःप्रजनित’ मानला जातो. हे दोन्ही वाण ती मर्यादा केव्हाच ओलांडून गेले आहेत. त्यामुळे एका वाणातील कोणतेही दोन उंदीर, लिंगभेद आणि तुरळक नवी उत्परिवर्तने सोडली, तर एकमेकांचे जुळे भाऊ असल्यासारखेच असतात. एकाच खोलीत, एकाच खाद्यावर, बारा तास उजेड आणि बारा तास अंधार अशा एकाच दिनक्रमात दोन्ही वाण वाढवले आणि तरीही ते वेगळे वागले, तर त्या फरकात जनुकांचा वाटा असणार, हा यामागचा तर्क. या तर्कात एक फट आहे आणि तिच्याकडे मी पुढे येणार आहे.

फरक होता, आणि तो डोळ्यांना दिसेल इतका ठळक होता. काळा उंदीर पेटीत सोडल्यावर थोड्याच वेळात इकडून तिकडे धावू लागे, मागच्या पायांवर उभा राहून भिंती हुंगे, मध्य ओलांडून जाई. पांढरा उंदीर पुष्कळदा कोपऱ्यात अंग चोरून बसे, मान लांब करून पुढचा अंदाज घेई आणि पाऊल न टाकताच पुन्हा आखडून घेई. उजेड-अंधाराच्या पेटीतही तसेच. अधिकच्या आकाराच्या मंचावर मात्र दोन वाणांतले अंतर इतके स्पष्ट नव्हते, आणि हे मला खटकले. तिन्ही परीक्षा जर एकच गुण मोजत असतील, तर तिन्हींमध्ये एकच क्रम यायला हवा होता. मी त्या वेळी मंचाच्या मांडणीत दोष असेल असे समजून पुढे गेले.

मांडणीत दोष खरोखरच सापडले, ते वेगळेच. मंचाच्या दोन उघड्या भुजा माझ्या दृष्टीने सारख्या होत्या. उंदरांच्या दृष्टीने नव्हत्या. दोन्ही वाणांचे उंदीर एकाच उघड्या भुजेकडे अधिक वळत होते. प्रकाशमापक आणून प्रत्येक भुजेच्या टोकाशी उजेड मोजला तेव्हा कळले की छतावरचा एक दिवा दुसऱ्या भुजेवर अधिक प्रखर पडत होता. दिवे हलवले, पडदा लावला, पुन्हा मोजले. त्यानंतर दर सकाळी पहिला उंदीर बाहेर काढण्याआधी पेटीच्या चारही कोपऱ्यांत आणि मध्यात उजेड मोजून लिहिणे हा माझा नेम झाला. दोन उंदरांच्या मधे पेटी पातळ अल्कोहोलने पुसायची आणि ती पूर्ण वाळू द्यायची, नाहीतर आधीच्या उंदराचा वास पुढच्याचे वागणे ठरवतो. पिंजरा स्वच्छ करण्याचा दिवस आणि परीक्षेचा दिवस लागून येऊ द्यायचे नाहीत. खोलीत आणल्यावर किमान तासभर उंदरांना स्थिरावू द्यायचे.

सर्वांत मोठा धडा मात्र हाताचा होता. उंदीर उचलण्याची जुनी, सर्रास शिकवली जाणारी रीत म्हणजे शेपटीच्या बुडाशी धरून उचलणे. मलाही तीच शिकवली होती आणि पहिल्या तुकडीतील सगळे उंदीर मी तसेच उचलले. नंतर २०१० मध्ये प्रसिद्ध झालेला जेन हर्स्ट आणि रेबेका वेस्ट यांचा अभ्यास वाचनात आला: शेपटीने उचललेल्या उंदरांपेक्षा ओंजळीत घेतलेले, किंवा पारदर्शक नळीत शिरू देऊन नळीसकट उचललेले उंदीर चिंतेच्या परीक्षांत अधिक निर्भयपणे वागतात. आम्ही पिंजऱ्यात नळ्या ठेवल्या. काही दिवसांत उंदीर आपणहून नळीत येऊन बसू लागले. पुढच्या तुकडीचे आकडे पहिल्या तुकडीशी जुळेनात, आणि पहिली तुकडी मला विश्लेषणातून वगळावी लागली. ती वगळताना वाईट वाटले, कारण त्या उंदरांचा जीव त्या आकड्यांसाठी खर्ची पडला होता. नीतिमत्ता समितीपुढे मी प्रत्येक उंदराची गरज लेखी मांडून मंजुरी घेतली होती. एका चुकीच्या सवयीमुळे ती गरज पुरी झाली नाही. हात लावण्याची पद्धत हा प्रयोगाचा तपशील नसून प्रयोगाचाच भाग आहे, असे मी तेव्हापासून प्रत्येक नव्या सहकाऱ्याला पहिल्याच दिवशी सांगते.

माझा एक सहकारी पुरुष होता, आणि काही दिवस परीक्षा तो घेत असे. २०१४ मध्ये असेही प्रसिद्ध झाले की पुरुष प्रयोगकर्त्याच्या केवळ वासानेही उंदरांमध्ये ताणाची प्रतिक्रिया उमटते. मग आम्ही ठरवले की एका संकरातील सर्व उंदरांची परीक्षा एकाच व्यक्तीने घ्यायची. ती व्यक्ती मी झाले, आणि पुढचे कित्येक महिने माझे सगळे वेळापत्रक उंदरांच्या दिवसरात्रीप्रमाणे चालले.

याच काळात मी जॉन क्रॅब, डग्लस वॉल्स्टेन आणि ब्रूस ड्यूडेक यांचा १९९९ चा प्रसिद्ध प्रयोग बारकाईने वाचला. ओरेगनमधील पोर्टलंड, अल्बर्टामधील एडमंटन आणि न्यूयॉर्क राज्यातील ऑल्बनी अशा तीन प्रयोगशाळांनी तेच आठ वाण, तीच उपकरणे, तेच वय, एवढेच नव्हे तर परीक्षेचा तोच दिवस ठरवून प्रयोग केला. वाणांमधले मोठे फरक तिन्ही ठिकाणी दिसले. पण काही परीक्षांचे निकाल, विशेषतः उंच मंचावरचे, प्रयोगशाळेनुसार बदलले. अनेकांनी या प्रयोगाचा अर्थ ‘वर्तनाच्या जनुकशास्त्रावर विश्वास ठेवता येत नाही’ असा लावला. मला तो अर्थ चुकीचा वाटतो. जनुकांचा परिणाम मोठा असेल तर तो प्रयोगशाळा ओलांडूनही टिकतो. लहान असेल तर तो परिस्थितीच्या हातात हात घालूनच प्रकट होतो, आणि ती परिस्थिती कोणती हे सांगितल्याशिवाय त्या परिणामाबद्दल काहीच सांगितले जात नाही.

मग संकर सुरू केला. काळ्या आणि पांढऱ्या वाणाच्या संकरातून पहिली पिढी जन्मली ती काळीही नव्हती आणि पांढरीही नव्हती. सगळीच्या सगळी पिल्ले रानउंदरासारख्या करड्या-तपकिरी रंगाची. आईबापांपैकी कोणाचाच नसलेला हा रंग पाहून प्रत्येक नवा विद्यार्थी चकित होतो. उलगडा सोपा आहे: पांढऱ्या वाणाकडे रानटी रंगाचे जनुक असते, पण रंगद्रव्य तयार करणारे विकर निकामी असल्याने ते दिसत नाही, काळ्या वाणाकडून चालू विकर मिळाले की दडलेला रंग वर येतो. वागण्यातही काही दडलेले असेल का, हा प्रश्न त्या पिल्लांकडे पाहताना मनात आला होता.

या पहिल्या पिढीला मी फक्त दुसऱ्या पिढीचे आईबाप म्हणून पाहत होते. पण त्यांचीही परीक्षा घेतली, आणि ते फार उपयोगी ठरले. पहिल्या पिढीतील सर्व उंदीर जनुकीयदृष्ट्या एकसारखे असतात. तरीही त्यांचे आकडे एका जागी जमले नाहीत. कोणी मध्यभागी बराच वेळ घालवला, कोणी जवळजवळ गेलाच नाही. हे सगळे अंतर जनुकांपलीकडचे होते: गर्भातली जागा, दुधाचा वाटा, पिंजऱ्यातील वर्चस्व, मोजमापातला ढिलेपणा, आणि वाढीत घडत जाणारे लहान योगायोग. २०१३ मध्ये एका जर्मन गटाने ४० एकसारख्या उंदरांना मोठ्या, खेळत्या जागेत एकत्र ठेवून दाखवले होते की काळ जातो तसे त्यांचे वागणे एकमेकांपासून दूर जात राहते. दुसऱ्या पिढीतील एकूण विखुरण्यातून पहिल्या पिढीतील विखुरणे वजा केले की जे उरते, तो जनुकांच्या वाटपामुळे आलेला भाग. हा भाग शून्य नव्हता, ही माझ्या कामाची पहिली खरी आनंदाची बातमी होती. मात्र तो निम्म्याहून कमी होता, हेही त्याच दिवशी लिहून ठेवले.

दुसऱ्या पिढीत रंगांची उधळण होते. करडे, काळे, दालचिनी रंगाचे, चॉकलेटी आणि पांढरे. मेंडेलच्या हिशोबाने दर चारांत एक पांढरा. उंदराचा गर्भकाळ सुमारे १९ ते २१ दिवस, दूध तुटायला आणखी तीन आठवडे, आणि परीक्षेचे वय साधारण आठ ते दहा आठवडे. म्हणजे एका वेताचा आकडा हातात येईपर्यंत तीन महिने जातात. मी नर आणि मादी दोन्ही घेतल्या. ऋतुचक्रामुळे माद्यांचे आकडे फार अस्थिर असतात, हा समज जुना आहे, पण मोठ्या प्रमाणावर तपासला असता तो टिकत नाही. प्रत्येक उंदराला एकदाच मंचावर घ्यायचे, कारण दुसऱ्या वेळी त्याच मंचावर डायझेपामचाही परिणाम उरत नाही. पहिल्याच अनुभवाने परीक्षेचा अर्थ बदललेला असतो. परीक्षा झाल्यावर कानाचा अगदी लहान तुकडा घेऊन त्यातून डीएनए काढायचा आणि एकोणीस साध्या गुणसूत्रांवर व एक्स गुणसूत्रावर ठराविक अंतराने पसरलेल्या खुणा वाचायच्या: या जागी दोन्ही प्रती काळ्या वाणाच्या, दोन्ही पांढऱ्या वाणाच्या, की एकेक.

यापुढचे काम गणिताचे आहे, पण कल्पना साधी आहे. प्रत्येक खुणेपाशी उंदरांचे तीन गट पाडायचे आणि त्या गटांच्या आकड्यांत फरक आहे का ते पाहायचे. फरक असेल तर त्या खुणेच्या आसपास वर्तनावर परिणाम करणारे काहीतरी आहे. हा पुरावा ‘लॉड’ या मापात मोजतात. लॉड ३ म्हणजे तेथे परिणाम असल्याची शक्यता नसल्याच्या तुलनेत हजारपट. पण शेकडो ठिकाणी शोध घेतला की योगायोगानेही एखादे शिखर उभे राहते, म्हणून दुसऱ्या पिढीच्या संकरासाठी संपूर्ण जनुकसंचात ४.३ च्या आसपासची कडक मर्यादा १९९५ मध्ये एरिक लँडर आणि लिओनिड क्रुग्ल्याक यांनी सुचवली. मी स्वतःची मर्यादा माझ्याच आकड्यांवरून काढली: वर्तनाचे आकडे उंदरांमध्ये हजार वेळा वाटेल तसे फिरवायचे आणि प्रत्येक वेळी मिळणारे सर्वांत उंच खोटे शिखर नोंदवायचे.

आलेख पडद्यावर आला तेव्हा सातव्या गुणसूत्राच्या साधारण मध्यावर एक उंच, निमुळते शिखर होते. मर्यादेच्या बरेच वर. त्या संध्याकाळी मी खरोखर खूश होते आणि त्या पट्ट्यातील जनुकांची यादी काढून मेंदूत व्यक्त होणाऱ्या जनुकांपुढे खुणा करत बसले. दुसऱ्या दिवशी त्याच यादीत एक नाव पुन्हा दिसले, ज्यावरून आदल्या दिवशी माझी नजर सरळ पुढे गेली होती: टायरोसिनेज. रंगद्रव्य तयार करणारे तेच विकर, ज्याच्या निकामी प्रतींमुळे बाल्ब-सी पांढरा असतो. मी नोंदवही उघडली आणि उंदीर रंगाप्रमाणे लावले. शिखर त्यातच होते. दोन्ही प्रती पांढऱ्या वाणाच्या असलेले, म्हणजे प्रत्यक्ष पांढरे उंदीर, खाली होते. एक प्रत असलेले करडे, काळे, तपकिरी उंदीर हे दोन्ही चालू प्रती असलेल्यांसारखेच वागत होते. चिंतेचे म्हणून मला जे जनुक सापडले होते, ते अंगाच्या आणि डोळ्यांच्या रंगाचे होते.

पांढऱ्या उंदराच्या बुबुळात आणि दृष्टिपटलामागे रंगद्रव्य नसते. प्रखर उजेड त्याच्या डोळ्यांत न गाळता शिरतो. माझी पेटी प्रकाशित होती. तो उंदीर कोपऱ्यात बसत होता ते भित्र्या स्वभावामुळे, की उजेड सहन न झाल्यामुळे, हे माझा आकडा सांगू शकत नव्हता.

जुने साहित्य काढून पाहिले तेव्हा कळले की ही वाट आधीच चाललेली आहे. जॉन डीफ्राईस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६६ मध्येच दाखवले होते की ओपन फील्डमधील पांढऱ्या आणि रंगीत उंदरांचा फरक लाल प्रकाशात, जो उंदरांना फारसा दिसत नाही, बराचसा ओसरतो. पुढे त्यांनी याच दोन वाणांच्या संकरातून ३० पिढ्या निवड करून काही अतिशय चपळ आणि काही अतिशय संथ अशी घराणी तयार केली. दोन्हींच्या हालचालीत शेवटी सुमारे तीसपट अंतर पडले, आणि संथ घराण्यांत पांढऱ्या उंदरांचे प्रमाण वाढत गेले. निवड करणाऱ्यांनी रंग निवडला नव्हता. हालचाल निवडताना रंग आपोआप निवडला गेला. हे मी आधी वाचले नव्हते असे नाही. वाचले होते, पण माझ्या पेटीतील दिव्याशी त्याचा संबंध मी जोडला नव्हता. जाता जाता सांगते, याच्या उलट बाजूची चूकही होते: काही वाणांमध्ये दृष्टिपटल जन्मानंतर काही आठवड्यांतच झिजून जाते आणि ते उंदीर अंध होतात, त्यांना उजेड-अंधाराच्या पेटीत बसवून ‘धीट’ ठरवले, तर त्या शब्दाला काही अर्थ राहत नाही.

आम्ही दुसऱ्या पिढीची नवी तुकडी वाढवली आणि निम्म्या उंदरांची परीक्षा मंद लाल प्रकाशात घेतली. सातव्या गुणसूत्रावरचे शिखर खचले. दुसरीकडे, पहिल्या गुणसूत्राच्या शेवटाकडील भागात एक बुटका, पसरट उंचवटा होता, जो उजेडातल्या आलेखात मी जवळजवळ दुर्लक्षित केला होता. तो लाल प्रकाशातही जागेवर राहिला, आणि रंगीत उंदीर तेवढे वेगळे काढले तरीही राहिला. माझ्या आकड्यांवर तो कडक मर्यादा ओलांडत नाही, फक्त सूचक म्हणता येईल इतकाच आहे. पण ही जागा अनोळखी नाही. जोनाथन फ्लिंट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये डीफ्राईस यांच्याच घराण्यांवर केलेल्या शोधात जी मोजकी गुणसूत्रे पुढे आली, त्यांत पहिले होते. २००४ मध्ये, कित्येक पिढ्यांच्या सरमिसळीमुळे गुणसूत्रांचे तुकडे खूप बारीक झालेल्या उंदरांच्या मदतीने, याच गुणसूत्रावरील आरजीएस-२ या जनुकापर्यंत ते पोहोचले. हे जनुक पेशीच्या आत ग्राहींकडून, म्हणजे रासायनिक निरोप पकडणाऱ्या रेणूंकडून, येणारा संकेत किती लवकर शमवायचा हे ठरवते. भीतीचे असे वेगळे जनुक ते नव्हे. निरोप किती वेळ घुमत राहावा, याचे ते नियंत्रण आहे.

एकाच जनुकाच्या गोष्टीही किती वेगळ्या वळणांनी जातात, हे मला याच काळात उमगले. २००५ मध्ये सहा अंतःप्रजनित वाणांच्या मेंदूतील जनुकांची तुलना करून ग्लायोक्सॅलेज-१ हे विकर चिंतेशी जोडले गेले. ते अधिक असलेले वाण अधिक भित्रे. चयापचयातला कचरा साफ करणाऱ्या विकराचा चिंतेशी काय संबंध, हे तेव्हा कोणालाच नीट सांगता येत नव्हते. नंतर दिसले की काही वाणांत सतराव्या गुणसूत्रावरचा तो संपूर्ण तुकडाच दुप्पट झालेला आहे. आणि २०१२ मध्ये कळले की हे विकर ज्याला नष्ट करते तो मिथाइलग्लायोक्सॅल हा पदार्थ मेंदूतील गाबा या शांत करणाऱ्या रसायनाच्या ग्राहींना चेतवतो, म्हणजे डायझेपाम ज्या ग्राहींवर काम करते त्यांनाच. विकर जास्त, तर तो पदार्थ कमी, तर शांत करणारा संकेत दुबळा. सेरोटोनिन या मेंदूतील निरोप नेणाऱ्या रसायनाच्या एका ग्राहीचे जनुक काढून टाकलेले उंदीर १९९८ मध्ये तीन गटांनी स्वतंत्रपणे, तीन वेगवेगळ्या पार्श्वभूमींवर तयार केले आणि तिघांनाही ते अधिक भित्रे आढळले. मला हा निकाल फार मोलाचा वाटतो, कारण वाण आणि प्रयोगशाळा बदलूनही तो टिकला. पण २००२ मध्ये दिसले की तो ग्राही जन्मानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत असावा लागतो. त्या काळात तो असला आणि मोठेपणी बंद केला, तर उंदीर भित्रा होत नाही. जनुक आहे की नाही एवढे पुरत नाही, ते केव्हा बोलले हेही पाहावे लागते.

आता त्या तर्कातल्या फटीविषयी. माझ्या सगळ्या जागांचे परिणाम एकत्र केले तरी काळ्या आणि पांढऱ्या वाणांमधले मूळ अंतर भरून निघत नव्हते. प्रत्येक जागेचा वाटा लहान, हे अपेक्षित होते, पण उरलेले अंतर फार मोठे होते. त्याचे एक कारण पिंजऱ्यातच होते. पांढऱ्या पिल्लाला पांढरी आई वाढवते आणि काळ्याला काळी. काळ्या वाणाच्या आया पिल्लांना अधिक चाटतात. २००३ मध्ये डार्लिन फ्रान्सिस आणि सहकाऱ्यांनी काळ्या वाणाचे भ्रूण पांढऱ्या मादीच्या गर्भाशयात वाढवले, जन्मानंतरही पांढऱ्या आईकडेच ठेवले, आणि ते काळे उंदीर मोठे झाल्यावर अनेक परीक्षांत पांढऱ्यांसारखे वागले. गर्भ आणि संगोपन यांपैकी एकच बदलून हे होत नव्हते. दोन्ही बदलावे लागले. म्हणजे वाणांची तुलना करताना मी ज्याला जनुकांचा फरक म्हणत होते, त्यात आईचा फरक मिसळलेला होता. उलट माझ्या दुसऱ्या पिढीतील प्रत्येक पिल्लाची आई पहिल्या पिढीतील, म्हणजे जनुकीयदृष्ट्या एकसारखी होती. आईमुळे येणारे अंतर त्या पिढीत उरलेच नव्हते, मग ते कोणत्या गुणसूत्रावर सापडणार? ही गोष्ट माझ्या आराखड्यात पहिल्या दिवसापासून लिहिलेली होती आणि मला ती कळायला दोन वर्षे लागली.

त्या दिवशी मी नोंदवहीच्या सगळ्या पानांवर पाचव्या रकान्याचे शीर्षक बदलले. ‘चिंता’ खोडून ‘मध्यभागी सेकंद’ असे लिहिले, आणि त्याच्या शेजारी तीन नवे रकाने आखले: कोपऱ्यातील उजेड, उचलण्याची पद्धत, आईचा क्रमांक.

पहिल्या गुणसूत्रावरचा तो उंचवटा अजून शेकडो जनुकांइतका रुंद आहे. तो अरुंद करण्यासाठी पांढऱ्या वाणाचा तेवढाच तुकडा काळ्या वाणात उतरवण्याचे काम चालू आहे. दर पिढीत तुकडा असलेली पिल्ले निवडायची आणि पुन्हा काळ्या वाणाशी संकर करायचा. परकी पार्श्वभूमी दर वेळी साधारण निम्मी होते, आणि दहा पिढ्यांनी तो तुकडा सोडून जवळजवळ सगळे काळ्या वाणाचे उरते. टायरोसिनेजची निकामी प्रत पहिल्या दोन पिढ्यांतच निवडून बाहेर काढली. तुकडा नेहमी नराकडून पुढे नेतो, म्हणजे प्रत्येक पिढीची आई शुद्ध काळ्या वाणाचीच राहते. सध्या चौथी पिढी पिंजऱ्यात आहे. सगळी पिल्ले रंगीत आहेत, परीक्षेची पेटी मंद प्रकाशात ठेवली आहे, आणि पिल्ले नळीतून उचलली जातात.